२२ अक्षरांचा अंकुश

स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला की काही दिवसांनी जो रिपोर्ट हातात पडतो, त्यात तीन नावं हमखास असतात : ईआर, पीआर आणि हर-२. यातल्या हर-२ पुढे ०, १+, २+ किंवा ३+ असं लिहिलेलं असतं आणि घरातली माणसं त्यावर बोट ठेवून डॉक्टरांना विचारतात, ‘हे काय?’ हा आकडा ठरतो तो असा. गाठीचा केसापेक्षाही कितीतरी पातळ काप काचपट्टीवर घेतात. हर-२ या प्रथिनालाच नेमकं चिकटणारं प्रतिपिंड त्यावर सोडतात आणि ते जिथे चिकटेल तिथे तपकिरी रंग उमटेल अशी रासायनिक तजवीज करतात. ३+ चा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर प्रत्येक पेशीभोवती ठसठशीत, अखंड तपकिरी कड दिसते. सगळा काप त्या कडांनी भरून गेलेला असतो. १+ मध्ये तीच कड पुसट आणि तुटक असते. २+ आला तर पॅथॉलॉजिस्ट तिथेच निकाल देत नाहीत. हर-२ जनुकाच्या प्रती मोजणारी फिश ही चाचणी करायला सांगतात.

रंग पेशीच्या मधोमध न उमटता कडेलाच उमटतो, कारण हर-२ पेशीपटलात रोवलेलं असतं, थोडं आत आणि थोडं बाहेर. निरोगी स्तनपेशीवरही ते असतंच, साधारण वीस हजारांच्या घरात. ३+ गाठीतल्या पेशीवर ही संख्या वीस लाखांपर्यंत जाऊ शकते. प्रथिन तेच, त्याच्या घडणीत बहुतेक वेळा काही खोट नसते. बिघडलेलं असतं ते प्रमाण.

कर्करोग म्हटलं की आपल्याला जनुकातला बिघाड आठवतो, आणि ते बरोबरच आहे. पण जनुकाचा मजकूर ठणठणीत असूनही त्यापासून प्रथिन किती बनवायचं हा हिशेब चुकला, तरी पेशी हाताबाहेर जाते. हर-२ च्या बाबतीत बहुधा जनुकाच्याच प्रती वाढलेल्या असतात. इतर अनेक प्रथिनांच्या बाबतीत मात्र प्रती नेमक्या दोनच असतात आणि तरीही पेशीच्या पृष्ठभागावर त्यांची गर्दी झालेली असते किंवा दुष्काळ पडलेला असतो. हा हिशेब ठेवणाऱ्यांमध्ये मायक्रोआरएनए नावाच्या चिमुकल्या रेणूंचा मोठा वाटा आहे. स्तनाच्या कर्करोगात गाठ वाढते कशी आणि पसरते कशी, हे समजून घ्यायचं तर त्यांना टाळून पुढे जाता येत नाही.

आधी पृष्ठभागावरच्या प्रथिनांविषयी थोडं. पेशीला बाहेरचं जे काही कळतं ते त्यांच्यामार्फत. ‘वाढ, विभागणी कर’ असा संदेश घेऊन आलेले रेणू ईजीएफआर, हर-३ अशा ग्राही प्रथिनांना चिकटतात. हर-२ ला स्वतःला चिकटणारा असा कुठलाही रेणू सापडलेला नाही. ते आपल्या भाईबंदांपैकी कुणाशी तरी जोडी जमवतं, आणि हर-३ शी जमलेली जोडी सगळ्यांत जोरकस असते. काही प्रथिनांचं काम धरून ठेवण्याचं. जपानमध्ये क्योतो इथे मासातोशी ताकेइची यांनी कॅडहेरिन नावाची प्रथिनं शोधून काढली, त्यांतलं ई-कॅडहेरिन शेजारच्या पेशीवरच्या ई-कॅडहेरिनला घट्ट पकडतं, आणि या पकडीसाठी कॅल्शियम लागतं. दुधाच्या नलिकांना आतून जे पेशींचं अस्तर असतं, ते एकसंध राहतं ते या पकडीमुळे. इंटिग्रिन प्रथिनं पेशीला खालच्या आधाराशी बांधतात. सीडी४४ हे पेशीभोवतीच्या हायलुरॉनिक आम्लाला चिकटतं. म्हणजे कोणाचं ऐकायचं, कोणाला धरायचं, कुठे थांबायचं आणि कुठून निघायचं हे पेशीच्या बाबतीत बरंचसं पृष्ठभागावर ठरतं.

मायक्रोआरएनएचा शोध मात्र कर्करोगाच्या प्रयोगशाळेत लागला नाही. तो लागला एक मिलिमीटर लांबीच्या, पारदर्शक अळीसारख्या कृमीत. सी. एलेगन्स हे त्याचं नाव. अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकन हे दोघे संशोधक या कृमीतल्या दोन जनुकांच्या मागे होते. लिन-४ हे जनुक बिघडलं की कृमी आपली बालपणीची अवस्था पुन्हा पुन्हा गिरवत राहतो. लिन-१४ बिघडलं की नेमकं उलटं, बालपणाचा टप्पाच गाळून पुढे जातो. लिन-४ लिन-१४ ला दाबतं एवढं कळत होतं. पण अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेत लिन-४ चा माग काढत गेल्यावर हाती आलं ते विचित्रच होतं : त्यापासून प्रथिन बनतच नव्हतं. बनत होता तो फक्त २२ अक्षरांचा आरएनएचा तुकडा. १९९२ मध्ये दोघांनी आपापल्या जनुकांची अक्षरमाला एकमेकांना कळवली आणि समोर ठेवून पाहिली, तेव्हा लिन-४ चा तो तुकडा लिन-१४ च्या संदेशाच्या शेपटाकडच्या भागाशी जागोजागी जुळत होता. १९९३ च्या डिसेंबरात दोघांचे निबंध ‘सेल’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात आले.

त्यावर फारशी खळबळ झाली नाही. कृमीतली एक गंमत, असंच बहुतेकांना वाटलं. २००० मध्ये रुव्हकन यांच्या गटाला लेट-७ हा दुसरा तसाच रेणू सापडला, आणि तो माशीत, माशात, माणसात सगळीकडे जसाच्या तसा होता. मग मात्र धावाधाव झाली. कोट्यवधी वर्षं उत्क्रांतीने ज्याला धक्का लावला नाही, ते बिनमहत्त्वाचं असू शकत नाही. अँब्रोस आणि रुव्हकन यांना २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, म्हणजे त्या दोन निबंधांनंतर तीन दशकांनी.

रेणूचं काम समजायला अवघड नाही. जनुकावरून प्रथिन थेट बनत नाही. आधी त्याची आरएनएमध्ये नक्कल होते. ही नक्कल, म्हणजे संदेशवाहक आरएनए, केंद्रकाबाहेर येते आणि तिथे ती वाचून प्रथिन तयार होतं. मायक्रोआरएनएचं जनुकही असंच नकललं जातं, पण ती नक्कल स्वतःवरच दुमडून केसाच्या आकड्यासारखी होते. केंद्रकात ड्रोशा नावाचं विकर तिचा सुमारे ७० अक्षरांचा तुकडा कापतं, तो बाहेर आला की डायसर हे दुसरं विकर त्याला आणखी छाटतं. उरलेल्या बावीसेक अक्षरांची एक बाजू आर्गोनॉट या प्रथिनाच्या खाचेत बसते. त्यातली दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरं सर्वांत महत्त्वाची. एखाद्या संदेशाच्या शेपटाकडे या सात अक्षरांना जुळणारी जागा असली की आर्गोनॉट तिथे थबकतं, संदेशाचं टोक कुरतडणारी विकरं गोळा होतात, आणि तो संदेश पुरेसा वाचला जाण्याआधीच मोडीत निघतो.

सातच अक्षरं जुळायची असल्यामुळे एका मायक्रोआरएनएला शेकडो संदेश लागू पडतात, आणि एका संदेशावर अनेक मायक्रोआरएनए येऊन बसू शकतात. माणसाच्या निम्म्याहून अधिक प्रथिनांची जनुकं या ना त्या मायक्रोआरएनएच्या कक्षेत येतात असा अंदाज आहे. परिणाम मात्र सौम्य असतो. एक मायक्रोआरएनए एका प्रथिनाचं प्रमाण बहुधा निम्म्यावरही आणत नाही. रेडिओ बंद करणारं बटण आणि आवाज लहान-मोठा करणारं बटण यांत जो फरक आहे, तो इथे आहे. हे ध्यानात ठेवलं नाही तर ‘अमुक मायक्रोआरएनए कर्करोग रोखतो’ अशा बातम्या वाचताना फसगत होते. एकट्याने तो फार काही रोखत नाही. पण एकाच दिशेने जाणाऱ्या दहा-वीस प्रथिनांचा आवाज त्याने एकदम थोडा थोडा उतरवला, तर पेशीचं वागणं बदलतं.

स्तनाच्या कर्करोगात मायक्रोआरएनएचं गणित फिसकटलेलं असतं हे २००५ मध्ये कार्लो क्रोचे यांच्या गटाने गाठी आणि निरोगी स्तनाच्या ऊती शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. मिर-२१ आणि मिर-१५५ वाढलेले, मिर-१२५बी, मिर-१४५ आणि मिर-१०बी घटलेले. (मायक्रोआरएनएच्या नावाआधी ‘मिर’ लावून क्रमांक द्यायची पद्धत आहे.) यातला मिर-१०बी वाचकांनी लक्षात ठेवावा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

मिर-१२५ घटलेला दिसल्यावर पुढचा प्रश्न सरळ होता : तो कोणाला दाबत होता? २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बक इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी उत्तर दिलं. हर-२ आणि हर-३ या दोघांच्याही संदेशांच्या शेपटीत मिर-१२५ ला बसायला जागा आहे. त्यांनी एसकेबीआर३ नावाच्या, हर-२ ने गच्च भरलेल्या स्तनकर्करोगाच्या पेशी घेतल्या आणि त्यांत मिर-१२५ वाढवला. पृष्ठभागावरची दोन्ही प्रथिनं घटली, पेशींची वाढ मंदावली आणि त्यांची हालचाल व आजूबाजूला घुसण्याची ताकद त्याहूनही जास्त खालावली. दोन वर्षांनी मिर-२०५ हा हर-३ ला थेट दाबतो हे इटलीतल्या गटाने दाखवलं. हर-२ चा जोर हर-३ शी जोडी जमण्यात असतो हे आठवलं, की जोडीदाराला कमी करण्याचं महत्त्व कळतं. आजची ट्रॅस्टुझुमॅबसारखी औषधं पृष्ठभागावर आधीच येऊन बसलेल्या हर-२ ला बाहेरून गाठतात. ट्रॅस्टुझुमॅब १९९८ पासून वापरात आहे आणि त्याने हर-२ पॉझिटिव्ह रुग्णांचं भवितव्य पालटलं. मायक्रोआरएनएची जागा त्याआधीची आहे, प्रथिन बनायच्याच टप्प्यावरची.

इथवरची गोष्ट वाढीची. पण स्तनाच्या कर्करोगात जीव जातो तो सहसा स्तनातल्या गाठीने नव्हे. ती कापून काढता येते. जीव जातो तो हाडं, फुप्फुसं, यकृत आणि मेंदूपर्यंत पोहोचलेल्या पेशींमुळे. म्हणून पसरण्याचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि मायक्रोआरएनएच्या गोष्टीत सर्वांत गुंतागुंतीचाही तोच आहे.

गाठीतून निसटायचं तर पेशीला आधी शेजारणीचा हात सोडावा लागतो, म्हणजे ई-कॅडहेरिन कमी करावं लागतं. ई-कॅडहेरिनच्या जनुकाला गप्प बसवणारी झेब-१ आणि झेब-२ ही दोन प्रथिनं केंद्रकात असतात. २००८ मध्ये ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि जर्मनीतल्या वेगवेगळ्या गटांनी काही महिन्यांच्या अंतराने एकच गोष्ट जाहीर केली : मिर-२०० या कुटुंबातले पाच भाऊ झेबला दाबतात. झेब दबलं की ई-कॅडहेरिन पृष्ठभागावर टिकतं आणि पेशी रांगेत राहते. मिर-२०० घटला की झेब डोकं वर काढतं, ई-कॅडहेरिन ओसरतं, पेशी लांबट होते, शेजारणींपासून सुटते आणि ऊतीतून सरपटत वाट काढू लागते.

त्यातली खरी मेख पुढे आहे. झेब हे मिर-२०० च्या जनुकांनाही दाबतं. दोघं एकमेकांचे वैरी. त्यामुळे पेशीला मधल्यामध्ये फार काळ राहणं कठीण जातं. मिर-२०० थोडा वरचढ झाला की तो झेबला आणखी खाली ढकलतो आणि स्वतः आणखी वर जातो, झेब वरचढ झालं की उलट. आधी म्हटलं की मायक्रोआरएनएचा परिणाम सौम्य असतो. पण अशा परस्परविरोधी जोडीत तोच सौम्य धक्का पेशीला एका बाजूला पुरता लोटू शकतो. आणि हा बदल कायमचा नसतो. आजूबाजूच्या ऊतीतून येणारा टीजीएफ-बीटाचा संदेश झेबच्या बाजूने वजन टाकतो. तो संदेश थांबला की पेशी पुन्हा पहिल्या रूपात येऊ शकते. जनुकाच्या मजकुरात एका अक्षराचाही फरक न पडता हे सगळं घडतं.

ई-कॅडहेरिनवर थेट हल्ला करणारा मायक्रोआरएनएही आहे. २०१० मध्ये ली मा आणि रॉबर्ट वाइनबर्ग यांनी दाखवलं की मिर-९ ई-कॅडहेरिनच्या संदेशावरच बसतो. त्याला वाढवतं ते एमवायसी हे कर्करोगात कुप्रसिद्ध असलेलं प्रथिन.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की मिर-२०० आपला मित्र आणि तो औषध म्हणून टोचला की रोग पसरायचा थांबेल. मीही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आशेने वाचलं होतं. पण उंदरांनी वेगळी साक्ष दिली.

डेट्रॉइटमध्ये एका उंदरिणीच्या स्तनात आपोआप उद्भवलेल्या एकाच गाठीपासून पेशींचे अनेक वंश तयार केले गेले. ६७एनआर या वंशाच्या पेशी उंदराच्या स्तनात सोडल्या तर तिथेच गाठ होते, त्या बाहेर पडत नाहीत. १६८एफएआरएन लसिकाग्रंथींपर्यंत जातात. ४टीओ७ रक्तातून फुप्फुसांपर्यंत पोहोचतात, पण तिथे गाठ धरू शकत नाहीत. ४टी१ मात्र फुप्फुसांत, यकृतात, हाडांत सगळीकडे गाठी उठवतात. माय एक, लेकी अशा वेगवेगळ्या. आता या चौघींपैकी मिर-२०० भरपूर कोणाकडे असावा? पाठ्यपुस्तकी उत्तर ६७एनआर. २००९ मध्ये बोस्टनच्या ज्युडी लिबरमन यांच्या गटाने मोजून पाहिलं, तेव्हा तो निघाला ४टी१ मध्ये, सर्वांत घातक वंशात. मग त्यांनी ४टीओ७ पेशींत मुद्दाम मिर-२०० घातला. फुप्फुसांपर्यंत जाऊन हात हलवत बसणाऱ्या त्या पेशी तिथे गाठी धरू लागल्या.

कारण विचार केल्यावर पटतं. निसटताना शेजारणीचा हात सोडणं सोयीचं, पण परक्या अवयवात पुन्हा ऊती उभारायच्या तर पेशींना एकमेकींना धरावंच लागतं. २०११ मध्ये प्रिन्स्टनच्या यिबिन कांग यांच्या गटाने आणखी एक कारण दाखवलं : मिर-२०० हा पेशीतून प्रथिनं बाहेर पाठवण्याच्या यंत्रणेतल्या सेक२३ए या प्रथिनाला दाबतो, आणि त्यामुळे दूरच्या गाठींना आवर घालणारी काही प्रथिनं पेशीबाहेर पडतच नाहीत. २०१४ मध्ये लिबरमन यांच्याच गटाला दिसलं की मिर-२०० असलेल्या पेशी तो बारीक पुटिकांत भरून बाहेर सोडतात आणि ज्या पेशींकडे तो नाही त्या ह्या पुटिका आत घेऊन गाठ धरायला शिकतात.

ई-कॅडहेरिनविषयीचं मतही पुढे बदलावं लागलं. २०१९ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्या वीणा पद्मनाभन आणि अँड्र्यू ईवाल्ड यांनी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दुधाच्या नलिकांतून उद्भवणाऱ्या कर्करोगाच्या पेशींतून ई-कॅडहेरिन काढून टाकलं. पेशी आजूबाजूला जास्त घुसू लागल्या, अपेक्षेप्रमाणे. पण रक्तात टिकून दूर गाठ धरणाऱ्या पेशींची संख्या घटली, कारण हात सुटलेल्या पेशी वाटेतच मरत होत्या. रुग्णांच्या रक्तात सापडणाऱ्या कर्कपेशींचे झुबके एकट्यादुकट्या पेशींच्या मानाने अनेक पटींनी घातक असतात, हे २०१४ मध्येच दिसलं होतं. ते या निष्कर्षाशी जुळतं. याउलट लोब्युलर या प्रकारच्या स्तनकर्करोगात ई-कॅडहेरिन जवळजवळ नसतंच आणि तरी तो पसरतो. म्हणजे एकाच अवयवाच्या कर्करोगातही एकच नियम चालत नाही.

सीडी४४ ची कथा याहून चक्रावणारी आहे. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठात असं दिसलं की स्तनाच्या गाठीतल्या ज्या पेशींवर सीडी४४ भरपूर आणि सीडी२४ कमी असतं, त्यांतल्या शंभरेक पेशीही उंदरात नवी गाठ उभी करायला पुरतात. इतर पेशी हजारोंनी टोचूनही गाठ होत नाही. तेव्हापासून सीडी४४ आरोपीच्या पिंजऱ्यात आहे. आणि २००८ मध्ये शेकडो मायक्रोआरएनए एमसीएफ-७ या मवाळ पेशींत घालून पाहिल्यावर पेशींना आक्रमक बनवणारे जे दोन सापडले, मिर-३७३ आणि मिर-५२०सी, ते सीडी४४ ला दाबून हे काम करत होते! एका प्रयोगात सीडी४४ असणं घातक, दुसऱ्यात नसणं घातक. प्रयोग दोन्ही नीट केलेले आहेत. विसंगतीचा एक धागा पुढे सापडला : सीडी४४ एकच नाही. एकाच संदेशाची वेगवेगळी काटछाट होऊन त्याची लांब आणि आखूड रूपं बनतात, आणि पेशी रांगेतून सुटून भटकी होते तेव्हा लांब रूपाकडून आखूड रूपाकडे वळते. नुसतं ‘सीडी४४ किती’ एवढं मोजून भागत नाही, ‘कोणतं’ हेही बघावं लागतं. हर-२ च्या रिपोर्टातला साधा आकडा पाहायची सवय झालेल्या आपल्याला हे जड जातं, पण खरं चित्र असंच आहे.

इंटिग्रिनविषयी एवढंच सांगतो की मिर-३१ हा आल्फा-५ इंटिग्रिनसह पसरण्याला मदत करणाऱ्या अनेक प्रथिनांना एकदम आवरतो, हे २००९ मध्ये वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत दिसलं.

आता मिर-१०बी. क्रोचे यांच्या २००५ च्या पाहणीत तो गाठींमध्ये घटलेला दिसला होता. २००७ मध्ये ली मा आणि वाइनबर्ग यांना तो पसरणाऱ्या पेशींमध्ये भरपूर सापडला, आणि मवाळ पेशींत तो वाढवल्यावर त्या पसरू लागल्या. गाठीच्या सगळ्या पेशींची सरासरी काढली तर मिर-१०बी कमी. त्यातून निघून जाणाऱ्या मूठभर पेशींत तो जास्त. सरासरीने मूठभरांना झाकलं असावं. तो पृष्ठभागावरच्या प्रथिनांना स्वतः हात लावत नाही. हॉक्सडी१० या नियंत्रकाला दाबतो, आणि त्याच्या धाकात असलेली हालचालीची प्रथिनं मोकाट सुटतात. २०१० मध्ये त्याच गटाने उंदरांना मिर-१०बी शी जुळणारा, त्याला निकामी करणारा कृत्रिम रेणू टोचला. स्तनातली गाठ तसूभरही कमी झाली नाही. फुप्फुसांतल्या गाठी मात्र ठळकपणे घटल्या. गाठ किती आकसली यावरच औषध जोखायची आपली पद्धत असेल, तर हे औषध पहिल्याच परीक्षेत नापास झालं असतं.

हे सगळं दवाखान्यात कधी येणार, असं कुणी विचारलं तर मला स्पष्ट सांगायचं आहे : स्तनाच्या कर्करोगावर मायक्रोआरएनएचं कुठलंही औषध आज मंजूर नाही. मायक्रोआरएनए रक्तातही सापडतात, आणि लहान असल्यामुळे मेणात जतन केलेल्या जुन्या गाठींमध्येही लांबलचक संदेशांपेक्षा चांगले टिकतात, त्यामुळे संशोधनाला ते फार सोयीचे आहेत. पण एका प्रयोगशाळेत ‘कर्करोगाची खूण’ म्हणून मिळालेली रक्तातल्या मायक्रोआरएनएची यादी दुसऱ्या प्रयोगशाळेत पुष्कळदा जुळत नाही. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडे बदलतात. तेव्हा थेंबभर रक्तात मायक्रोआरएनए मोजून स्तनाचा कर्करोग ओळखून देतो असं कुणी म्हणालं, तर त्यावर विसंबून मॅमोग्राफी किंवा डॉक्टरांकडची तपासणी टाळू नये.

आपल्याकडे हे कळकळीने सांगावं लागतं. २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले असा जागतिक नोंदींचा अंदाज आहे, आणि खूप जणी येतात तेव्हा गाठ मोठी झालेली असते. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षं अभ्यास केला. त्यांतल्या एका गटात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी स्तनांची तपासणी केली, एवढंच. त्या गटात रोग लवकरच्या टप्प्यावर सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी दिसले. त्याच संस्थेच्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या संशोधन केंद्रात अमित दत्त यांच्या गटाने प्रोजेस्टेरॉन दिल्यावर मिर-१२९-२ हा प्रोजेस्टेरॉनच्या ग्राहीला, म्हणजे रिपोर्टातल्या पीआरला, कसा खाली आणतो हे उलगडलं. तो ग्राही पृष्ठभागावर नसून केंद्रकात काम करतो, पण हिशेब तोच, प्रमाणाचा. एकाच संस्थेत एकीकडे हातांनी गाठ शोधणं आणि दुसरीकडे बावीस अक्षरांचा माग काढणं चालू आहे, आणि मला दोन्हींची सारखीच गरज वाटते.

औषधाच्या वाटेवरची मोठी अडचण आहे ती पोहोचवण्याची. आरएनए रक्तात सोडला की विकरं त्याचा चट्टामट्टा करतात. चरबीच्या कणांत गुंडाळून पाठवला तर बराचसा यकृतातच अडकतो. मिर-३४ए हा रेणू अशाच कणांत भरून २०१३ पासून यकृताच्या आणि इतर कर्करोगांच्या रुग्णांना दिला जात होता. मायक्रोआरएनएची नक्कल कर्करोगावर माणसांत तपासण्याची ती पहिलीच वेळ. काही रुग्णांची गाठ आकसलीही. पण काहींच्या रोगप्रतिकारक यंत्रणेने इतकी तीव्र प्रतिक्रिया दिली की मृत्यू ओढवले आणि २०१६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली.

त्यानंतरची मला सर्वांत आश्वासक वाटलेली कल्पना पृष्ठभागावरच्या प्रथिनांकडेच वळते. काही कर्कपेशींवर, त्यांत ईआर, पीआर आणि हर-२ तिन्ही निगेटिव्ह असलेल्या स्तनकर्करोगाच्या बऱ्याच पेशीही आल्या, फोलेट या जीवनसत्त्वाला धरणाऱ्या ग्राहींची गर्दी असते. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातल्या अँड्रिया कासिन्स्की यांच्या गटाने २०१७ मध्ये चरबीचे कण वगळून मिर-३४ए ला थेट फोलेटचा रेणू जोडला. फोलेट समजून पेशी त्याला ग्राहीसकट आत ओढून घेते. उंदरांमध्ये तो रेणू गाठीत पोहोचला आणि गाठीची वाढ मंदावली. नंतर त्याच्या अक्षरांवर रासायनिक बदल करून त्याचा टिकाऊपणा वाढवण्यात आला. मात्र पेशी जे काही असं आत ओढते ते आधी एका पुटिकेत बंद होतं, आणि आरएनएचे बहुतेक रेणू त्या पुटिकेतच अडकून नष्ट होतात. आर्गोनॉटपर्यंत पोहोचतो तो फार थोडा अंश. तो अंश वाढवायचा कसा, आणि मिर-२०० सारखा दुतोंडी रेणू असेल तर रोगाच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर तो द्यायचा की उलट रोखायचा, हे दोन प्रश्न आता या क्षेत्रापुढे आहेत.